पाहुण्यांचे वाय-फाय आणि कचेरीचे वाय-फाय

आलेल्या माणसाला आधी पाणी द्यावे, बसावयास जागा द्यावी आणि मग त्याच्या कामाची विचारपूस करावी, ही आपल्या देशातील जुनी रीत आहे. अलीकडच्या काळात या रीतीत एका नव्या मागणीची भर पडली आहे. लॉजमध्ये उतरलेला प्रवासी, उपाहारगृहात चहाला आलेली मंडळी, दवाखान्यात नंबर लागण्याची वाट पाहत बसलेले रुग्णाचे नातेवाईक, हे सर्व जण वाय-फायचा पासवर्ड विचारतात. मालकही तो आनंदाने सांगतो. पुष्कळ ठिकाणी तर तो एका कागदावर लिहून गल्ल्यामागील भिंतीवर चिकटवलेलाच असतो.

या साध्या देवघेवीत मालक पाहुण्याला नेमके काय देतो? आपण इंटरनेटकडे जाण्याची वाट तेवढी मोकळी करून दिली, अशी त्याची समजूत असते. परंतु दुकानात किंवा कचेरीत वाय-फायचे एकच जाळे असेल, तर पासवर्डाबरोबर त्याने आणखीही काही दिलेले असते. हिशेबाचा संगणक, बिले छापणारा प्रिंटर, कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारी पेटी आणि कर्मचाऱ्यांचे मोबाइल ज्या जाळ्यावर आहेत, त्याच जाळ्यावर त्याने पाहुण्यालाही आणून बसविलेले असते. आपल्याकडील जुन्या घरांत परका माणूस ओसरीवर बसे आणि माजघरात घरची माणसे वावरत. या मांडणीने पाहुण्याचा मान कमी होत नसे आणि घराचा खाजगीपणाही राहत असे. वाय-फायच्या बाबतीत हीच मांडणी कशी करता येते आणि ती कशामुळे टिकते, हे येथे पाहावयाचे आहे.

भिंती न मानणाऱ्या लहरी

वाय-फाय ही रेडिओ-लहरींच्या साहाय्याने संगणकांना जोडणारी पद्धत आहे. आकाशवाणीचे कार्यक्रम ज्या जातीच्या लहरींवरून आपल्यापर्यंत येतात त्याच जातीच्या, परंतु पुष्कळच आखूड लहरी येथे उपयोगात आणल्या जातात. २.४ गिगाहर्ट्झ कंप्रतेच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झ कंप्रतेच्या लहरीची लांबी सुमारे ६ सेंटिमीटर असते.

संगणक बिनतारी पद्धतीने जोडण्याचा एक महत्त्वाचा आरंभीचा प्रयोग हवाई विद्यापीठात झाला. तेथील बेटांमध्ये समुद्र पसरलेला असल्यामुळे तारांनी संगणक जोडणे अवघड होते. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांचे सहकारी यांनी रेडिओचा मार्ग पत्करला आणि १९७१ साली त्यांचे ‘अलोहानेट’ हे जाळे चालू झाले. पुढे १९९७ साली आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेने बिनतारी जाळ्यांसाठी ८०२.११ या क्रमांकाचे प्रमाणक प्रसिद्ध केले आणि १९९९ साली ‘वाय-फाय’ हे नाव प्रचारात आले. भारतात २००५ सालच्या जानेवारीत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याच्या अटीतून मोकळा करण्यात आला. त्यानंतर घराघरांत आणि दुकानांत या यंत्रांचा प्रसार वेगाने झाला.

या लहरींचा एक गुणधर्म आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. भिंतीमुळे त्या क्षीण होतात, परंतु थांबत नाहीत. लॉजच्या तळमजल्यावर ठेवलेल्या यंत्राच्या लहरी रस्त्यावर, शेजारच्या जिन्यात आणि समोरच्या चहाच्या दुकानातही पोहोचतात. तारेच्या जाळ्यात शिरण्यासाठी निदान इमारतीत यावे लागते. बिनतारी जाळ्याचा उंबरठा मात्र लहरी जेथवर ऐकू येतात तेथवर असतो. म्हणून दार कोठे आहे आणि ते कोणाला उघडते, हे येथे विटांनी ठरत नाही. ते नियमांनी ठरवावे लागते.

एका जाळ्यातील शेजार

राउटर हे या जाळ्याचे मुख्य ठाणे होय. जाळ्यावरील प्रत्येक यंत्राला ते एक अंतर्गत पत्ता देते. बहुतेक लहान जाळ्यांत हा पत्ता १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो. एकाच जाळ्यावरील यंत्रे परस्परांशी थेट बोलू शकतात. याच सोयीमुळे पहिल्या मजल्यावरच्या संगणकावरून तळमजल्यावरच्या प्रिंटरवर कागद छापता येतो.

ही यंत्रे एकमेकांना शोधतात कशी? ज्याला दुसऱ्याशी काम आहे ते यंत्र जाळ्यावर सर्वांना ऐकू जाईल असा पुकारा करते : ‘हा पत्ता कोणाचा?’ ज्याचा पत्ता असेल त्याने उत्तर द्यावयाचे असते. हा संकेत १९८२ साली ठरला. त्या काळी जाळ्यावरील यंत्रे एकाच संस्थेच्या विश्वासातली असत. त्यामुळे उत्तर देणारे यंत्र खरे बोलत आहे की नाही, हे पडताळण्याची व्यवस्था या संकेतात ठेवलेली नाही. तोतया यंत्राने ‘तो पत्ता माझाच’ असे सांगितले, तर इतरांचे संदेश त्याच्याकडे वळू शकतात.

असा उपद्रव करण्यासाठी पाहुणा दुष्टच असावा लागतो असे नाही. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम जगभर पसरू लागला. थोड्याच दिवसांत सुमारे १५० देशांतील २ लाखांहून अधिक संगणक त्याने ग्रासले. संगणकातील फायली कुलूपबंद करून तो खंडणी मागत असे. त्याचे विशेष असे की, एका संगणकात शिरल्यावर तो त्याच जाळ्यावरील इतर संगणक आपण होऊन शोधी आणि त्यांतील एका उणिवेचा फायदा घेऊन त्यांतही शिरे. ही उणीव दूर करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीने मार्च महिन्यातच प्रसिद्ध केली होती. असंख्य संगणकांवर ती बसविलेली मात्र नव्हती. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांनाही त्याची झळ पोहोचली. असा बाधित लॅपटॉप घेऊन एखादा सज्जन प्रवासी लॉजच्या जाळ्यावर आला, तर स्वागतकक्षातील संगणकाला लागण होऊ शकते, आणि त्या प्रवाशाला याची जाणीवही नसते.

कॅमेऱ्यांची गोष्टही अशीच आहे. कारखान्यातून येताना घातलेला पासवर्ड पुष्कळ ठिकाणी कधीच बदलला जात नाही. २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या प्रोग्रॅमने अशाच सुमारे साठ ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून जगभरातील लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. ज्या जाळ्यावर असे कॅमेरे आहेत त्यावर अनोळखी माणसाला आणणे कितपत शहाणपणाचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

कुलूप एक, किल्ल्या अनेक

लहरी सर्वांना ऐकू जातात, म्हणून त्यांवरील मजकूर कूटरूपात पाठवावा लागतो. वाय-फायच्या प्रारंभीच्या कूटपद्धतीचे नाव ‘वेप’ असे होते. २००१ साली फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तीन तज्ज्ञांनी तिच्यातील गंभीर दोष दाखवून दिला. त्यामुळे ती किती सहज फुटते हे स्पष्ट झाले. तरीही अनेक ठिकाणी ती तशीच चालू राहिली. अमेरिकेतील टीजेएक्स या व्यापारी कंपनीच्या दुकानांच्या बिनतारी जाळ्यातून चोर २००५ साली आत शिरले आणि तेथून तिच्या मध्यवर्ती संगणकांपर्यंत पोहोचले. २००७ सालच्या जानेवारीत कंपनीने ही चोरी जाहीर केली. ग्राहकांच्या साडेचार कोटींहून अधिक कार्डांची माहिती चोरीस गेली होती. येथे कुलूप तर कच्चे होतेच. परंतु दुकानातील बिनतारी जाळे आणि कंपनीची तिजोरी यांच्यामध्ये पुरेशी भक्कम भिंत नव्हती, हेही तितकेच खरे.

२००४ साली आलेली डब्ल्यूपीए-२ ही पद्धत पुष्कळच मजबूत आहे आणि आजही ती फार मोठ्या प्रमाणावर वापरात आहे. तथापि, सर्वांना एकच पासवर्ड देण्याच्या तिच्या प्रकारात एक मर्यादा आहे. यंत्र जाळ्याला जोडले जाताना ते आणि राउटर यांच्यात चार संदेशांची देवघेव होते आणि तिच्यातून त्या यंत्रापुरती किल्ली तयार होते. ज्याला सामाईक पासवर्ड ठाऊक आहे आणि ज्याने ही देवघेव ऐकली आहे, त्याला दुसऱ्याची किल्ली गणिताने काढता येते. म्हणजेच कर्मचाऱ्यांचा पासवर्ड ग्राहकाला सांगितला, तर कर्मचाऱ्यांचे संदेश उलगडण्याचे साधनच त्याच्या हाती दिल्यासारखे होते. २०१८ साली जाहीर झालेल्या डब्ल्यूपीए-३ पद्धतीत ही उणीव दूर करण्यात आली आहे. नवे यंत्र घेताना ही पद्धत त्यात आहे किंवा नाही, हे अवश्य पाहावे.

केवळ दोन नावे पुरेशी नाहीत

एकच राउटर दोन किंवा अधिक नावांनी आपली हाक देऊ शकतो. मोबाइलवर वाय-फायची जी यादी दिसते तिच्यातील प्रत्येक नाव म्हणजे अशी एक हाक होय. त्यामुळे ‘पाहुणे’ आणि ‘कचेरी’ अशी दोन नावे ठेवली, दोन पासवर्ड केले, म्हणजे काम झाले असे अनेकांना वाटते. परंतु एकाच घराला दोन दारे केली आणि ती दोन्ही माजघरातच उघडली, तर दारांच्या संख्येने काय साधणार? नावे दोन असूनही दोन्हीकडची यंत्रे आत एकाच जाळ्यावर येत असतील, तर विभागणी झालेलीच नाही.

खरी विभागणी आतल्या मार्गावर करावी लागते. संगणकांचे संदेश लहान लहान तुकड्यांत विभागून जातात. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ८०२.१क्यू या प्रमाणकानुसार प्रत्येक पॅकेटावर ४ बाइटांची एक चिठ्ठी लावता येते आणि तिच्यात जाळ्याचा क्रमांक लिहिता येतो. क्रमांकासाठी १२ द्विमान अंकांची जागा असल्यामुळे ४,०९६ क्रमांक होतात. त्यांतील दोन राखीव असून ४,०९४ वापरता येतात. टपालगाडीत अनेक गावांच्या थैल्या एकाच डब्यातून जातात, तरी एका गावची पत्रे दुसऱ्या गावी उतरत नाहीत, कारण प्रत्येक थैलीवर तिची चिठ्ठी असते. त्याचप्रमाणे एकाच तारेतून आणि एकाच राउटरमधून पाहुण्यांची व कचेरीची पॅकेटे जातात, परंतु चिठ्ठीप्रमाणे ती वेगवेगळी राखली जातात. अशा आभासी जाळ्याला ‘व्हीलॅन’ असे म्हणतात.

चिठ्ठीच्या जोडीला पहारेकरी हवा. हे काम ‘फायरवॉल’ नावाची नियमावली करते. ती बहुधा राउटरमध्येच असते. पाहुण्यांच्या जाळ्यासाठी पुढील चार नियम पुरेसे होतात :

१. पाहुण्यांच्या जाळ्यावरून इंटरनेटकडे जाण्यास मुभा असावी.

२. पाहुण्यांच्या जाळ्यावरून कचेरीच्या जाळ्याकडे जाण्यास संपूर्ण मनाई असावी.

३. राउटरची मांडणी बदलण्याचे पान पाहुण्यांच्या जाळ्यावरून उघडू नये. यंत्राला पत्ता मिळणे आणि संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा क्रमांक कळणे, एवढीच सेवा राउटरने पाहुण्यांना द्यावी.

४. एका पाहुण्याचे यंत्र दुसऱ्या पाहुण्याच्या यंत्राशी परस्पर बोलू शकू नये.

चौथा नियम पुष्कळदा विसरला जातो. पहिल्या तिघांनी मालकाचे रक्षण होते. चौथ्याने एका पाहुण्याचे दुसऱ्या पाहुण्यापासून रक्षण होते.

वीस खोल्यांच्या लॉजचे उदाहरण

आता हीच तत्त्वे एका कल्पित लॉजला लावून पाहू. त्यात २० खोल्या, स्वागतकक्षात एक संगणक व एक प्रिंटर, आठ कॅमेरे, कार्डाने पैसे घेण्याचे एक यंत्र आणि सहा कर्मचारी आहेत. इंटरनेटची जोडणी सेकंदाला १०० मेगाबिटांची आहे.

येथे तीन जाळी करावी. कचेरीच्या जाळ्याला १० हा क्रमांक द्यावा आणि त्यातील पत्ते १९२.१६८.१० ने सुरू करावेत. पाहुण्यांच्या जाळ्याला २० आणि कॅमेऱ्यांच्या जाळ्याला ३० हे क्रमांक देऊन पत्तेही त्याप्रमाणे ठेवावेत. क्रमांक आणि पत्ता यांचा असा मेळ घातला, म्हणजे पुढे दुरुस्तीला येणाऱ्या माणसाचा गोंधळ होत नाही. संगणक, प्रिंटर आणि कार्डाचे यंत्र १० वर असावे. कॅमेरे व चित्रण साठवणारी पेटी ३० वर असावी. ते चित्रण स्वागतकक्षातून पाहता यावे. परंतु कॅमेऱ्यांकडून कचेरीच्या जाळ्याकडे कोणतीही वाट नसावी. कर्मचाऱ्यांचे खाजगी मोबाइल २० वर, म्हणजे पाहुण्यांच्याच जाळ्यावर ठेवावेत. यात अविश्वासाचा प्रश्न येत नाही. ज्या यंत्राची निगा संस्था राखत नाही, ते यंत्र संस्थेच्या दृष्टीने पाहुणेच होय.

प्रत्येक खोलीत सरासरी दोन यंत्रे धरली, तर पाहुण्यांची ४० यंत्रे होतात. एखाद्याने रात्री मोठी फाइल उतरवून घेण्यास आरंभ केला, तर इतरांची वाट अडते आणि सकाळी हिशेब करताना स्वागतकक्षाचे कामही खोळंबते. म्हणून पाहुण्यांच्या जाळ्याला एकूण ८० मेगाबिटांची आणि प्रत्येक यंत्राला १० मेगाबिटांची मर्यादा घालावी. चांगल्या प्रतीचे चलचित्र पाहण्यास साधारणतः ५ मेगाबिट पुरतात. उरलेला वाटा कचेरीसाठी राखीव राहतो.

पत्त्यांचाही हिशेब ठेवावा लागतो. वर सांगितलेल्या प्रकारच्या जाळ्यात यंत्रांना देण्याजोगे २५४ पत्ते असतात आणि त्यांपैकी एक राउटर स्वतः घेतो. लॉजला ते भरपूर होतात. परंतु स्थानकाजवळच्या उपाहारगृहात दिवसभरात पाचशे माणसे येतात आणि एकदा दिलेला पत्ता २४ तास राखून ठेवला, तर दुपारनंतर नव्या ग्राहकाला पत्ताच मिळत नाही. वाय-फाय दिसते, परंतु चालत नाही, अशी तक्रार सुरू होते. तेथे पत्त्याची मुदत एक-दोन तासांची ठेवणे हा सोपा उपाय आहे.

वायुमार्गाचीही काळजी घ्यावी. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीन मार्ग एकमेकांवर न चढणारे आहेत. मजल्यावर तीन यंत्रे लावली, तर त्यांना हे तीन मार्ग वाटून द्यावेत. तसेच नावांची संख्या उगीच वाढवू नये. प्रत्येक नावाची हाक सामान्यतः दर सेकंदाला सुमारे दहा वेळा दिली जाते आणि तेवढा वेळ इतरांना गप्प राहावे लागते. तीन-चार नावांपलीकडे जाण्याचे कारण क्वचितच पडते.

जोडणीतील एक नेहमीची चूक

लहान दुकानात आभासी जाळ्यांची सोय नसलेला साधा राउटर असतो. अशा वेळी दुसरा स्वस्त राउटर आणून तो पहिल्याला जोडतात आणि नवा राउटर पाहुण्यांना देतात. ही मांडणी उलटी आहे. पाहुण्याची पॅकेटे नव्या राउटरमधून निघून जुन्या, म्हणजे कचेरीच्या जाळ्यातूनच इंटरनेटकडे जातात. वाटेत कचेरीचा संगणक लागतो आणि त्याला हाक मारण्यास पाहुण्याला कोणीही अडवीत नाही. दोन राउटरच वापरावयाचे असतील, तर निदान पाहुणे बाहेरच्या राउटरवर आणि कचेरी आतल्या राउटरवर असावी. ओसरीतून माजघरात जावयाचे असते. माजघरातून ओसरीची वाट काढावयाची नसते.

आता बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ राउटरांत ‘गेस्ट नेटवर्क’ या नावाची सोय तयारच असते. चहाच्या दुकानाला किंवा लहान दवाखान्याला ती बहुधा पुरते. मात्र काही यंत्रांत ही सोय ते यंत्र स्वतः मुख्य राउटर असतानाच नीट काम करते. दुसऱ्या राउटरच्या मागे केवळ लहरी पसरविण्यासाठी ते लावले, तर नाव वेगळे दिसूनही आतील विभागणी नाहीशी होऊ शकते. म्हणूनच प्रत्यक्ष तपासणी आवश्यक ठरते.

पाहुण्यांविषयीचे कर्तव्य

आतील पत्ते कितीही असले, तरी बाहेरच्या जगाला साधारणतः सगळ्या इमारतीचा एकच पत्ता दिसतो. पाहुण्याने केलेले कृत्य त्यामुळे मालकाच्या पत्त्यावर नोंदले जाते. याचा दाहक अनुभव आपल्या देशाला २००८ साली आला. त्या वर्षी २६ जुलै रोजी अहमदाबाद येथे बॉम्बस्फोटांची मालिका घडली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना आलेल्या ई-मेलचा माग नवी मुंबईतील एका रहिवाशाच्या घरापर्यंत लागला. त्याच्या वाय-फायला कुलूप नव्हते आणि बाहेरच्या व्यक्तींनी त्याचा गैरफायदा घेतला होता. १३ सप्टेंबर रोजी दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाच्या ई-मेलचा माग मुंबईत चेंबूर येथील एका कंपनीच्या वाय-फायपर्यंत गेला. ज्यांचा या कटाशी काही संबंध नव्हता त्यांच्या दारी तपास पोहोचला. पुढे २००९ सालच्या फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने इंटरनेट-सेवा देणाऱ्या कंपन्यांना सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटवून घेण्याविषयी सूचना दिल्या. रेल्वे-स्थानकावर किंवा विमानतळावर मोबाइलचा क्रमांक विचारून त्यावर एकवेळचा संकेतांक पाठविला जातो, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

सार्वजनिक वाय-फायचा पसारा तेव्हापासून खूप वाढला आहे. २०१६ सालच्या जानेवारीत मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल व गूगल यांच्या सहकार्याने मोफत वाय-फाय सुरू झाले आणि २०१८ सालच्या जूनपर्यंत ही सोय ४०० स्थानकांवर पोहोचली. २०२० सालच्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ योजनेस मान्यता दिली. तिच्यानुसार किराणा दुकानदार किंवा चहावालाही परवान्यावाचून लोकांना वाय-फाय पुरवू शकतो. अशा दुकानदाराने आपले हिशेबाचे यंत्र लोकांच्या जाळ्यापासून अलग ठेवणे किती अगत्याचे आहे, हे आता वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

ओळख पटविण्याच्या निमित्ताने मिळालेली माहिती ही पाहुण्याची ठेव असते. मोबाइल क्रमांक पुरत असेल, तर जन्मतारीख व घरचा पत्ता विचारू नये. आणि त्या क्रमांकावर जाहिराती पाठवू नयेत. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली संसदेने स्वतंत्र कायदा संमत केला आहे. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी, हे त्याचे एक सूत्र आहे.

तपासणी आणि निगा

मांडणी झाल्यावर मोबाइल पाहुण्यांच्या जाळ्याला जोडावा आणि तीन गोष्टी करून पाहाव्यात. राउटरचे मांडणीचे पान उघडते का? कचेरीचा प्रिंटर यादीत दिसतो का? त्याच जाळ्यावरील दुसऱ्या मोबाइलला हाक पोहोचते का? तिन्ही प्रश्नांची उत्तरे नकारार्थी आली आणि इंटरनेट मात्र चालले, तर मांडणी बरोबर आहे. राउटर बदलला, नवा जोडला किंवा त्यातील प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बसविली, की हीच तपासणी पुन्हा करावी. या सगळ्याला पाच-दहा मिनिटे पुरतात.

पाहुण्यांचा पासवर्ड अधूनमधून बदलावा. कचेरीचा पासवर्ड भिंतीवर लावू नये. आणि कर्मचारी नोकरी सोडून गेला, की तो त्याच दिवशी बदलावा. मोठ्या संस्थांत प्रत्येकाला स्वतंत्र नाव आणि पासवर्ड देण्याची पद्धत असते. एक जण गेला तर त्याचीच किल्ली रद्द होते, इतरांना तोशीस पडत नाही. विद्यापीठांमधील ‘एड्युरोम’ ही जागतिक व्यवस्था याच तत्त्वावर चालते. भारतात ती अर्नेट इंडिया या संस्थेमार्फत चालविली जाते. एका विद्यापीठाचा संशोधक दुसऱ्या विद्यापीठात गेला, तरी स्वतःच्याच किल्लीने तेथील जाळे उघडू शकतो.

विभागणी केली म्हणजे सर्व चिंता मिटल्या, असे मात्र समजू नये. २०१३ सालच्या अखेरीस अमेरिकेतील टार्गेट या दुकानांच्या साखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीस गेली. चोरांनी वातानुकूलन व शीतकरणाचे काम पाहणाऱ्या एका बाहेरच्या कंत्राटदाराला दिलेली किल्ली हस्तगत करून प्रथम प्रवेश मिळविला होता. पाहुणा केवळ खोलीत उतरणारा प्रवासीच असतो असे नाही. दुरुस्तीला येणारा कारागीर, हिशेब तपासणारा बाहेरचा संगणक आणि दुरून देखभाल करणारी कंपनी हेही पाहुणेच होत. कामापुरतीच वाट प्रत्येकाला द्यावी आणि काम संपताच ती बंद करावी.

शाळा आणि ग्रंथालये

वरील विवेचन व्यापाराला उद्देशून असले, तरी शाळा व ग्रंथालये यांची स्थिती वेगळी नाही. ग्रंथालयात येणारा वाचक हा पाहुणा, आणि ग्रंथांच्या देवघेवीची नोंद ठेवणारा संगणक हा माजघरातील. कोणत्या वाचकाने कोणते पुस्तक नेले, ही त्याची खाजगी बाब आहे आणि ती राखणे हे ग्रंथपालाचे काम आहे. शाळेत विद्यार्थ्यांचे संगणक एका जाळ्यावर, तर गुणपत्रके, प्रश्नपत्रिका आणि फीची नोंद ठेवणारे कार्यालयीन संगणक दुसऱ्या जाळ्यावर असावेत. विद्यार्थ्यांवर संशय म्हणून ही व्यवस्था करावयाची नाही. जिज्ञासू मुलांनी जाळ्यावर जे सापडेल ते उघडून पाहावे, हे त्यांच्या वयाला साजेसेच आहे.

ज्या शाळेत संगणकाचे शिक्षक उत्साही आहेत, तेथे वर सांगितलेली तीन प्रश्नांची तपासणी विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावी. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आणि शिक्षकांच्या देखत त्यांनी विद्यार्थ्यांच्या जाळ्यावरून कार्यालयाच्या प्रिंटरला हाक मारून पाहावी. हाक पोहोचली, तर कोठे भिंत घालावयाची राहिली ते कळेल. पोहोचली नाही, तर ती का पोहोचली नाही, हे फळ्यावर आकृती काढून समजावून सांगण्यास एक चांगला तास मिळेल.